पेज उतू गेली त्या दुपारी

"आई, गॅसच्या बाटल्याचं बटन बंद करीत जा म्हनून कवरे येला सांगू गो तुमाला?" किशोरी उंबऱ्यात उभी राहून पायात चप्पल सरकवत होती, आणि तोंड तिचं आत, रांधपाच्या खोलीकडं.

"चुलीला कई बटन होता?" भीमाबाईनं आतून उत्तर फेकलं. आठवडाभराच्या पडशानं तिचा आवाज नाकातनं येत होता. "माज्या सासूनं जनमभर रांधला. लाकडं मागं वढली का झाली चूल बंद. आता म्हनं शेगडीचं बटन येगलं, बाटल्याचं येगलं. उद्या बोलाल तोंडाला पन बटन लावा."

"चुलीची आग डोल्यांना दिसते तरी. हा मेला गॅस दिसत पन नाय. तो गॅसवाला काय बोलला ध्यानात हाय ना? रांधताना खिडकी उघडी. काम झालं का शेगडी बंद, मंग बाटला बंद. वास आयला तर काडी वढायची नाय, लाईटीचं बटन दाबायचं नाय. पहिली दारं-खिडक्या उघडायची."

"वारा सुटलाय फाल्गुनाचा. खिडकी उघडली का तुजा तो जाल नाचते निस्ता. पेज काय दोन पारी शिजवू?"

किशोरीनं कपाळाला हात लावला. बाहेर रस्त्यावर विक्रम रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला तशी ती पदर सावरत पळाली. पनवेलला कापडाच्या दुकानात तिची नोकरी, उशीर झाला की मालक बोलून घेई. तिचा नवरा प्रितेश तिच्या आधीच मोटारसायकलीवर कळंबोलीला गेलेला. लोखंडाच्या बाजारात एका वेल्डिंगच्या गाळ्यावर तो कामाला.

सासू-सुनेची ही जुगलबंदी मधल्या खोलीत खाटेवर पडून एक माणूस ऐकत होता. भीमाबाईचा नवरा, काशिराम.

एके काळी पळस्प्याच्या पुढल्या त्या गावात काशिरामच्या आवाजाची गोष्ट सांगत. बांधावर उभा राहून त्यानं हाळी दिली की दोन शेतं पलीकडं चरणारा बैल मान वर करी. पंचाईत बसली तर त्याच्या बोलण्यापुढं भल्याभल्यांची दातखीळ बसे. गेल्या साली भाताच्या कापणीला विळा हातात असताना तो आडवा झाला. लकवा. उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही गेली. सगळी गेली असती तरी परवडलं असतं. पण देवानं त्याच्या तोंडात एकच शब्द ठेवला, 'नाय'. पाणी पाहिजे, नाय. पाणी नको, नाय. कुशीवर वळवा, नाय. मनातून शब्द अगदी नीट निघे, जिभेवर आला की त्याचा 'नाय' होऊन जाई. घरातल्यांनी हळूहळू त्या शब्दाकडं लक्ष देणं सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बालवाडीतून आलेली नात, मोनाली, जेवून त्याच्या खाटेलगतच खाली चटईवर निजली. भीमाबाईनं काशिरामसाठी पेज ठेवली, आच बारीक केली, खिडकी लावून घेतली आणि अंगणात वाल झोडायला गेली. पांढरं ऊन पडलं होतं. वारा असा की सुपातलं फोल उडून थेट गोवा रस्त्यापर्यंत जावं. शेजारची शांती तिच्या मदतीला येऊन बसली होती. काठी वाजत होती, शेंगा तडतडत होत्या, दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

घरात लाईट नव्हती. दुपारी लाईट जायची हा तेव्हाचा नेमच होता. डोक्यावरचा पंखा मेलेल्या वटवाघळासारखा लटकत होता. काशिरामचा नुकता डोळा लागत होता, तेवढ्यात रांधपाच्या खोलीतून आवाज आला. चर्रर्र. पेज उतू गेली. मग बारीकसा फुस्स. मग काहीच नाही.

काशिरामचे डोळे उघडले. पेज उतू गेली की पुढं भांड्याचं झाकण वाजतं, रटरट ऐकू येते. ती येईना. तो कान देऊन राहिला. झोप उडाली.

मग वास आला. पहिल्यांदा त्याला वाटलं, उंदीर मेलाय कुठंतरी. पण वास दाट होत गेला, सडक्या कांद्यासारखा, नाकात शिरून घशात बसणारा. बाटला बदलताना यायचा तोच. जाळ विझला होता आणि गॅस चालू होता.

"नाय!" तो ओरडला. "नाय, नाय, नाय!"

अंगणातली काठी थांबली. "आयते, आयते!" भीमाबाईची हाक आली. "पेज शिजू द्या जरा. कवरी घाई ती."

"म्हाताऱ्याला भूक लागली," शांती हसली. काठी पुन्हा वाजायला लागली.

 सकाळचं किशोरीचं बोलणं काशिरामला शब्द न शब्द आठवत होतं. खिडकी उघडायची. बाटला बंद करायचा. काडी ओढायची नाही. बटन दाबायचं नाही. आणि रांधपाच्या खोलीतल्या त्या फ्रिजचं बटन तर चालूच होतं. लाईट कधीही आली असती. आली की तो खडखडून सुरू होतो. त्याची ठिणगी पडली तर? त्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं. मोनाली पालथी निजली होती, गाल चटईला लागलेला. गॅस जमिनीजवळून सरपटत येतो असं तो गॅसवाला बोलला होता. म्हणजे तिच्याच नाकाशी पहिला. तिनं झोपेतच नाक चोळलं आणि ती पुन्हा निपचित झाली.

सगळं माहीत होतं त्याला. काय करायचं, काय नाही करायचं, सगळं. गावाला पाणी कुणी सोडायचं यावर ज्यानं कलेक्टरच्या माणसाशी भांडण केलं होतं, त्याला आता आपल्या बायकोला एक शब्द सांगता येत नव्हता. दोन अक्षरांचा शब्द. त्यानं ओठ जुळवले, जीभ टाळूला लावली, सगळा जीव त्या शब्दात ओतला.

"नाय!"

दारात सावली पडली. भीमाबाई वालाच्या धुळीनं माखून आत आली आणि पदरानं नाक शिंकरलं. तिच्या नाकाला त्या आठवड्यात अत्तर आणि शेण सारखंच होतं.

"काय झालं वो? पानी होवं?"

"नाय!"

"मंग लघवीला?"

"नाय! नाय!"

त्यानं डावा हात उचलून रांधपाकडं दाखवला.

"हां, पेज. आनते. पोर उठेल, वरडू नका."

ती वळली तसा त्यानं डाव्या हातानं तिचा पदर धरला, घट्ट. भीमाबाई थबकली. वळून त्याच्याकडं बघताना तिच्या सुरकुतल्या तोंडावर भलतंच हसू आलं.

"या वयात पदर धरताव? शांती बघल ना भायेरून." तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, मायेनं सोडवली, आणि त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवून थोपटला. "पडा गप. आयलेच."

ती आत गेली. काशिरामला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. भांड्याचं झाकण उचललं. "आगं बाय, सगली उतास गेली की. जाल पन इजला." फडकं भिजवल्याचा आवाज. शेगडी पुसल्याचा आवाज. आणि मग फळीवरनं काड्यापेटी काढली, ती खुळखुळली.

त्यानंतर काशिरामनं विचार केला नाही. डावा पाय खाटेच्या काठाला लावला, डाव्या हातानं गादी ओढली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून स्वतःला पलीकडच्या बाजूला, पोर नव्हती त्या बाजूला, ढकलून दिलं. उजवं अंग ओल्या भाताच्या गोणीसारखं मागून आलं. स्टूल पडलं, तांब्या पडला, औषधाची बाटली फुटली. त्याचं कपाळ फरशीवर आपटलं, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. एक क्षण त्याला वाटलं, झाला स्फोट.

पण तो नुसता त्याच्या पडण्याचा आवाज होता.

"अवो! अवो, काय केलं ह्यो!" भीमाबाई धावत आली. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी. न ओढलेली. "शांती! शांती गो, धाव! ह्ये पडलं!"

शांती आली आणि उंबऱ्यातच तिनं नाकाला पदर लावला. "भीमाबाय! वास कवरा मारते गो! गॅस! फेक ती काडी भायेर!"

मग सगळं भराभर झालं. शांतीनं पोरीला चटईसकट उचलून अंगणात नेलं. परत येऊन श्वास कोंडून आत शिरली, शेगडी फिरवली, बाटल्याचं बटन फिरवलं, दाणकन खिडकी उघडली. दोघींनी काशिरामला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं, वालाच्या ढिगाशी टेकवून बसवलं. फाल्गुनाचा तो वारा घरात शिरला आणि मागच्या दारानं बाहेर पडत राहिला. बऱ्याच वेळानं लाईट आली. फ्रिज खडखडला. तिघंही त्या आवाजाकडं बघत राहिली.

संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. शांती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती. किशोरीनं मोनालीला उराशी धरलं होतं, ती रडतही होती आणि सासूला बोलतही होती. भीमाबाई मान खाली घालून बसलेली. एरवी एकाला दोन देणारी बाई, आज सगळं ऐकून घेत होती.

"मना वासच आयला नाय गो," ती एवढंच म्हणत होती. "नाकच मेलंय माजं."

"देव तारी त्याला कोन मारी," शांती म्हणाली. "नेमका म्हातारा तवाच पडला म्हनून मी आयले. नायतर मी बसले होते वाल निवडत."

"आनि बाबांना त्याच टायमाला पडायचं होतं," प्रितेश म्हणाला. कपाळाला टाके घालून घेऊन त्यानंच बापाला पळस्प्याच्या डॉक्टरकडून आणलं होतं. "एकावर एक. काय दिवस उगवलेला."

काशिरामनं ते ऐकलं. त्यानं हात वर केला. आधी आपल्या नाकाला बोट लावलं, मग रांधपाच्या खोलीकडं दाखवलं, मग खाटेवरून खाली. पुन्हा नाक, पुन्हा रांधप, पुन्हा खाली. प्रितेश उठून जवळ आला आणि मोबाईलच्या उजेडात बापाच्या नाकात बघायला लागला.

"नाकाला लागलंय काय बाबा?"

"नाय."

"भूक लागली असेल," किशोरी डोळे पुसत म्हणाली. "दुपारपासून पोटात काय नाय त्यांच्या. रांधपाकडं दाखवतात."

"नाय. नाय."

काशिरामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रितेशनं ते पंच्यानं टिपलं. "डॉक्टर बोललेला," तो लोकांना सांगायला लागला, "या रोगात मानसाला उगाच रडायला येते."

लोकांनी माना हलवल्या. काशिरामनं हात खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला. त्यानं शेगडीची नळी बदलली, जुनी नळी वाकवून तिच्यावरच्या भेगा भीमाबाईला दाखवल्या, आणि खिडकी कधी लावायची नाही म्हणून सांगितलं. भीमाबाई या वेळी एका शब्दानं उलटून बोलली नाही. त्या दिवसापासून रांधून झालं की ती शेगडी बंद करी, मग खाली वाकून बाटल्याचं बटन फिरवी. टक असा आवाज येई. मधल्या खोलीत काशिराम तो आवाज ऐके आणि मगच डोळे मिटी.

आणि प्रितेशनं बापासाठी कळंबोलीहून एक वस्तू आणली. गाळ्यावर जेवणाच्या सुटीत स्वतः बसून त्यानं ती जोडली होती, कोपरे घासून गुळगुळीत केले होते, हिरवा रंग दिला होता. लोखंडी गजांचा कठडा. खाटेच्या दोन्ही बाजूंना त्यानं तो नटबोल्टनं बसवला.

"आता कितीबी लोळा बाबा," तो हसून म्हणाला. "पडनार नाय तुमी."

पोराचं मन काशिरामला दिसत होतं. वेल्डिंगनं त्याच्या मनगटावर पडलेला नवा डागही दिसत होता. तो गजांच्या आतून पोराकडं बघत राहिला. आता पुन्हा कधी तसा वास आला तर खाली पडण्याचा रस्ताही उरला नव्हता.

चैत्रात एका दुपारी भीमाबाईनं बोंबलाचं कालवण केलं, शेगडी बंद केली, आणि तेवढ्यात बाहेरून शांतीची हाक आली, "नलाला पानी आयलं गो!" भीमाबाई हंडा घेऊन तशीच धावली. टक झालंच नाही.

काशिराम वाट बघत राहिला. वास नव्हता. शेगडी बंदच असणार. पण असणार म्हणजे असेलच असं नाही. त्यानं डावा हात पुढं करून गज धरला आणि हलवला. नट कुठंतरी सैल होता. अख्खी खाट खडखडली. त्यानं पुन्हा हलवला. जोरात. थांबलाच नाही.

भीमाबाई भरला हंडा कमरेवर घेऊन दारात आली. "काय वो? पानी होवं?"

"नाय."

"कुशीवर वलवू?"

"नाय."

गज खडखडतच होता. भीमाबाई बघत राहिली. त्याच्या हाताकडं बघितलं, कपाळावरच्या टाक्यांच्या वणाकडं बघितलं. तिच्या तोंडावर काय आलं ते दारातल्या उजेडामुळं त्याला नीट दिसलं नाही. तिनं हंडा खाली ठेवला आणि ती रांधपाच्या खोलीत गेली.

टक.

ती बाहेर आली, पदरानं हात पुसला, दुसरा रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा नळावर गेली. तिला कळलं, की नुसती आठवण झाली, ते काशिरामला समजलं नाही. विचारायची सोय नव्हती. तो बराच वेळ गज धरून होता. मग त्याची बोटं आपोआप सैल पडली. बाहेर नळावर बायकांचं भांडण लागलं होतं, आणि त्यात भीमाबाईचा आवाज सगळ्यांत वरचा होता.