एका ठिपक्याची रेघ

परिषदवाल्यांची एक तऱ्हाच असते. परिषद ऑगस्टमध्ये, पण गोषवारा मागतात जानेवारीत. पक्षी घरटी बांधणार जूनमध्ये. म्हणजे निकाल हाती यायच्या आधीच तो काय लागला ते लिहून द्यायचं, आणि मग पक्ष्यांनी आपली अब्रू राखावी म्हणून डोळे लावून बसायचं. सगळेच असं करतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या संस्थेत तीस वर्षं कुरव या समुद्रपक्ष्यांची घरटी मोजणाऱ्या स्वेरेनंही तेच केलं. 'कड्यावरची वसाहत सावरते आहे,' असं बिनदिक्कत लिहून त्यानं दोन नावं घातली. आधी स्वतःचं, मग त्याच्याबरोबर मोजणाऱ्या एल्ड्रिडचं.

मार्चमध्ये त्याच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला. जूनमध्ये एल्ड्रिड त्याच्याशिवाय, योस्टाइन नावाच्या सहकाऱ्याला घेऊन होडीतून कड्याखाली गेली. गेल्या वर्षी घरटी अकराशेच्या वर होती. यंदा सहाशे अकरा भरली. त्या दिवशी स्वेरेचा फोन आला. "सावरलेत ना ग?" त्यानं विचारलं, आणि तिच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

परिषदेत लावायचं खरं पोस्टर तिनं एका दिवसात तयार केलं. त्यात सहाशे अकराच होती. पण स्वेरेला ते पाहायचं होतं.

"छापायच्या आधी नजर घालतो," तो फोनवर म्हणाला. "तू अक्षरं मुंगीएवढी ठेवतेस. लोकांनी काय भिंग घेऊन यायचं?"

एल्ड्रिडचा धीर सुटला. तिनं पोस्टरची आणखी एक प्रत काढली आणि आलेखातला शेवटचा ठिपका उचलून वर ठेवला. अकराशे ऐंशी. ही एकच प्रत, फक्त त्याच्यासाठी. नंतर फाडून टाकायची. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. शहाणपण तेवढं त्या दिवशी कमी पडलं.

रुग्णालयात तिनं तो कागद त्याच्या पांघरुणावर पसरला. स्वेरे सावकाश वाचत गेला. त्याचं बोट आलेखावरून सरकत सरकत शेवटच्या ठिपक्याशी थांबलं.

"याची रेघ कुठाय?"

स्वेरेचा दंडक होता : कडा दोघांनी मोजायचा, एकमेकांना आकडा न सांगता. दोन आकड्यांची सरासरी म्हणजे ठिपका, त्यांच्यातला फरक म्हणजे त्यावरची उभी रेघ. तीस ठिपक्यांवर तीस रेघा होत्या. एकतिसावा नुसताच होता. एल्ड्रिडनं एक खोटा आकडा रचला, पण दुसऱ्याचाही रचावा लागेल हे तिला सुचलंच नव्हतं.

"दुसरं कोण होतं मोजायला?"

"योस्टाइन."

"त्याची किती भरली?"

ती पांघरुणावरच्या कागदाची कड सरळ करू लागली.

"खरी किती आहेत?"

"सहाशे अकरा."

त्यानं डोळे मिटले. "मी मरतोय, एल्ड्रिड. खुळा नाही झालो."

"तुला बरं वाटावं म्हणून रे..."

"माझं नाव काढ."

"अरे, हे परिषदेला जाणारच नाहीये! खरं वेगळं आहे, संस्थेत."

"ते मी वाचलेलं नाही. आणि न वाचलेल्या कागदावर मी नाव घालत नाही."

"उद्या आणते. सकाळी पहिल्यांदा."

"आण," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी ती खरं पोस्टर घेऊन पोचली तेव्हा औषधांनी त्याला गाढ झोप लागली होती. तीन दिवस ती उशाशी बसून राहिली. आकडेसुद्धा एकेक करून मोठ्यानं वाचून दाखवले. नाव ठेवायला त्याचं 'हो' काही आलं नाही. गुरुवारी तो गेला.

संस्थेत सगळे म्हणाले, नाव राहू दे, त्याच्या शेजारी माणूस वारल्याची खूण म्हणून छोटा क्रूस घाल, तशी रीतच आहे. एल्ड्रिडनं ऐकलं नाही. बर्गनच्या परिषदेत त्या पोस्टरवर तिचं आणि योस्टाइनचं नाव होतं. तीस वर्षं मोजणाऱ्याचं नव्हतं.

दुपारी फॅरो बेटांवरची मार्युन आली. स्वेरेची जुनी मैत्रीण. पोस्टर पाहून तिचा चेहरा उतरला.

"स्वेरेचं नाव?"

"त्यानं काढायला सांगितलं."

"बिचारा." मार्युननं मान हलवली. "एवढी घसरण पाहवली नसणार त्याला. म्हातारपणी माणूस हळवा होतो."

एल्ड्रिडला तिथेच गप्प बसता आलं असतं. आजूबाजूला चारपाच जण कॉफीचे पेले घेऊन उभे होते, तेही ऐकत होते. पण जन्मभर आकड्याशी इमान राखलेला माणूस आता भित्रा ठरत होता, आणि तो तिच्यामुळे.

"नाही," ती म्हणाली. "त्याला पाहवलं असतं. मीच त्याला खोटा आकडा दाखवला. त्यानं तो पकडला आणि नाव मागे घेतलं."

मार्युननं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मग तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पोस्टरवरच्या कड्याच्या फोटोशी वाकली आणि बोट ठेवून एकेक घरटं स्वतः मोजायला लागली. एल्ड्रिड तिला जागा करून देत बाजूला सरकली.