काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, माझ्या निळ्या नक्षीवर भुलू नका. मी मातीची एक जुनी, टवके उडालेली किटली आहे. रिश्तान या कुंभारांच्या गावातल्या भट्टीत भाजून निघाले आणि फरगाण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, हमीदुल्ला उस्तादांच्या खोलीत आले. दर गुरुवारी दुपारी तिथे नवी मुलं वरच्या वर्गातल्या अकांपाशी, म्हणजे दादांपाशी, मन मोकळं करायची. चहा अर्धा प्यालाच ओतायचा, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा प्याला पुढे करतो आणि बोलत राहतो. काठोकाठ भरला, तर समजायचं, आता ऊठ. हे आमच्याकडे बाळकडूतच मिळतं. नापास होऊन रडवेली आलेली कितीतरी मुलं माझ्यासमोर सावरली. उस्ताद कौतुकाने म्हणायचे, "निम्मं काम ही किटलीच करते."

पुढे उस्तादांना कचेरीच्या कामांनी घेरलं. गुरुवारच्या बैठकीचा सगळा भार शेवटच्या वर्षातल्या जमशेदवर पडला.

एका गुरुवारी डोंगरातल्या गावचा एल्दोर सगळ्यांच्या आधी आला. मेकॅनिक्समध्ये तो पुन्हा नापास झाला होता. रिकाम्या खोलीत तो आपलं बोलणं घोकत होता: "अका, मामा उद्या मला रशियाला बांधकामावर नेतायत. मला शिकायचंय. उस्तादांनी एक शब्द टाकला, तर बाबा ऐकतील."

जमशेद आला तो स्वतःच्या प्रकल्पाचा नकाशा पसरतच. "काय रे, पुन्हा गटांगळी?"

"हो अका. पण आज दुसरंच…"

"बोल की. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?" नकाशावरची नजर न काढता त्याने प्याला काठोकाठ भरला.

एल्दोर प्याल्याकडे बघत राहिला. "काही नाही. निघतो मी," म्हणाला.

तो गेल्यावर जमशेदचं प्याल्याकडे लक्ष गेलं. तो चरकला, दारापर्यंत गेलाही. मग "उद्या समजूत काढू" म्हणत परत कामाला बसला.

हिवाळ्यात बातमी आली. रशियात बांधकामाच्या परांचीवरून पडून एल्दोर वारला.

"त्या दिवशी काय म्हणाला तो?" उस्तादांनी विचारलं.

"काहीच नाही, उस्ताद."

"तू विचारलंस?"

 मला सारं ठाऊक होतं, पण मातीला वाचा कुठली? त्यानंतर ती बैठक पुन्हा बसली नाही. मी कपाटावर धूळ खात पडले आहे. जमशेद आता इथेच शिकवतो. मुलं त्याच्याकडे येतात, पण तो कुणाला चहा देत नाही.

मित्रांनो, कुणी अडखळत बोलायला आलं, तर हातातलं काम खाली ठेवा. ते उठू लागलं, तर बाही धरून बसवा. एल्दोर दारापर्यंत फार हळू चालत गेला होता. एक हाक पुरली असती.