भाचीचा हात

संध्याकाळ झाली की रामाकोना गावातल्या त्या घरात रोजचा तमाशा सुरू. सुचिता कोमट पाण्याचं घमेलं घेऊन यायची, अन् यशवंतराव पाय खाटेवर ओढून घ्यायचे.

"मामा, डॉक्टरनं सांगितलं ना, शुगरवाल्याचे तळपाय रोज पाहा लागते!"

"मीच पाहतो. आपल्यात मामानं भाचीच्या पाया पडा लागते, बाई. अन् तुले माह्या पायाले हात लावू देऊ? नरकात धाडतं का मले?"

आईबापाविना पोर, त्यांनीच वाढवलेली. तरी दर सणाला म्हातारा तिच्या पायांवर डोकं ठेवायचा. रीत म्हणजे रीत! पण स्वतः पाहणार कसे, कपाळ? पोट आडवं येई, डोळ्यांत मोतीबिंदू. "पाहिला, चांगला हाय," म्हणायचे, की झालं.

मग एक दिवस घरात वास सुटला. सुचितानं खाटेखालची संत्री सारी उपसली. एकही सडलेलं निघालं नाही. वास मोज्यातून येत होता. मोजा काढला, तर डावा अंगठा काळाठिक्कर.

नागपूरला गुडघ्याखालून पाय गेला. "घरात कोणी पाय बघत नव्हतं का?" डॉक्टर तिच्यावरच खेकसले. रडून रडून जीव अर्धा झाला तिचा. बापाच्या जागी असलेला माणूस डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्यानं चालला होता.

घरी येऊन कुबड्यांवर फिरू लागल्यावर उरलेला पायही यशवंतरावांनी ओढून घेतला, तेव्हा तिचा बांध फुटला. "आता तरी ऐका, मामा! पाप लागलं तर मले लागू द्या. हाही गेला तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

म्हातारा नरमला. वाकता येईना, म्हणून तिला खाटेवर पाय घेऊन बसवलं अन् आधी तिच्या पायांना हात लावला. मग आडवे झाले, पाय लांब केला, डोळे घट्ट मिटून हात जोडले. "जामसांवलीच्या मारुतीराया, माफ कर. लाव, बाई."

सुचिता पायथ्याशी बसली. ओल्या फडक्यानं तळवा पुसला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. टाचेत संत्र्याच्या झाडाचा काटा रुतला होता. सकाळी कुबड्या घेऊन बागेत गेले होते, तेव्हा चपलेतून आरपार घुसलेला. काळजावर दगड ठेवून तिनं तो उपटला. भळकन रक्त आलं.

यशवंतराव तसेच, डोळे मिटून, हात जोडून.

"लाव ना, बाई, हात," ते म्हणाले. "कधीचा वाट पाहून राहिलो."