पालथं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. टपालाच्या तिकिटाएवढा माझा जीव, रंग काळा, कडेला एक बारीकशी खिट्टी. पण लहान म्हणून हसू नका हं. माझ्या पोटात माणसांनी आजवर जे काही कोंबलंय, ते कागदावर छापायचं म्हटलं तर तुमची खोली भरेल आणि झोपायला तुम्हाला शेजाऱ्यांकडे जावं लागेल.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका कारखान्यात, तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांच्या नजरेखाली, हजारो भावंडांबरोबर मी तयार झालो. तिथे धुळीच्या कणालासुद्धा मज्जाव, त्यामुळे बालपण अगदी स्वच्छ आणि अगदी कंटाळवाणं गेलं. मग प्लास्टिकच्या पाकिटात बंद होऊन मी एका दुकानाच्या भिंतीवर लटकलो. शेजारी एक सोनेरी कार्ड होतं. पोट माझ्या दुप्पट, अंगावर भले मोठे आकडे, आणि मिजास तर विचारूच नका. येणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघायचं आणि माझ्याकडे पाठ फिरवायचं. मी मनातल्या मनात कुढायचो.

एके दिवशी एक फोटोग्राफर ताई आपल्या मामांना घेऊन दुकानात आली. मामा निवृत्त झालेले. उभा जन्म टपाल कचेरीत पत्रं लावण्यात गेलेला. आता भाचीच्या स्टुडिओत ते गल्ला, कुलूप आणि झाडणं सांभाळायचे. त्यांना काही वाकडं, उलटं किंवा तिरपं दिसलं की हात शिवशिवायचे. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी भिंतीवरची चार पाकिटं सरळ केली. त्यांत एक मी होतो, म्हणून लक्षात आहे.

दुकानदाराने सोनेरी कार्ड पुढे केलं. "हे घ्या ताई. दुप्पट माल मावतो."

"मावतो हो, पण लिहितं किती भराभर?" ताईने विचारलं. "हा मोठा आकडा वाचायच्या वेगाचा आहे. लिहायचा वेग कुठे दिसत नाही."

"तेवढं कोण बघतं?" दुकानदार म्हणाला.

"मला बघावं लागतंय. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ते खुणांनी बोलतात. मुलीच्या लग्नाच्या जेवणाला ते चार लोकांसमोर पहिल्यांदाच भाषण करणार आहेत. मुलगी मला म्हणाली, नुसते फोटो नकोत, फोटोत बाबांचं एकच अक्षर येतं."

त्यांची बोटं शिवणयंत्राच्या सुईसारखी चालतात, ती पुसट दिसली की शब्दच पुसले, म्हणून दर सेकंदाला कितीतरी जास्त चित्रं घ्यावी लागणार, असं तिने मामांना समजावलं. मामांनी मान डोलावली खरी, पण डोळा सोनेरी कार्डावरच होता. "अगं, पण याचं पोट मोठं आहे," ते म्हणाले.

"मामा, पोट मोठं असून काय करू, घास गिळता आला पाहिजे ना."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! तिने पिशवीतून कॅमेरा काढला, सोनेरी कार्ड आत घातलं आणि दुकानदारावरच रोखला. थोडा वेळ ठीक चाललं, मग चित्रण बंद पडलं. कार्डाला वेग झेपत नाही, असा निरोप कॅमेऱ्याने दिला. मग माझी पाळी. माझ्या अंगावर व्ही अक्षरापुढे बारीक अक्षरांत साठ लिहिलेलं होतं, म्हणजे लिहिण्याचा वेग काही झालं तरी सेकंदाला साठ एमबीच्या खाली जाऊ न देण्याची हमी. मी दुकानदाराची जांभई सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपली. ताई म्हणाली, "हेच द्या." त्या दिवशी मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

लग्नाचं जेवण दुपारी होतं. शिंपीकाका नवा कोट घालून उभे राहिले. शेजारी मुलगी उभी राहून त्यांच्या खुणा वाचून मोठ्याने सांगत होती. लोक हसत होते, काकांना दिसावं म्हणून टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवत होते. पण शेवटी शेवटी मुलीचे डोळे डबडबले, आणि तिने तोंड ओंजळीत लपवलं. काकांचे हात मात्र चालूच होते. एकही बोट मी सुटू दिलं नाही.

नंतर मुलगी ताईजवळ आली. "ताई, शेवटचं मला ऐकूच आलं नाही हो. डोळे भरले, काही दिसलं नाही. पुन्हा सांगा म्हटलं, तर बाबा म्हणतात, एकदा कापलेलं कापड पुन्हा कापत नाहीत. हट्टी आहेत. उद्या संध्याकाळी मी परदेशी निघते. तुमच्याकडे आलंय ना ते?"

"आलंय. सकाळी ये, दाखवते," ताई म्हणाली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कार्डांच्या पाकिटात कोरं कार्ड उताणं ठेवायचं आणि भरलेलं पालथं. पालथ्याला हात लावायचा नाही. ही रीत मामांना मात्र कोणी सांगितली नव्हती. ताईने मला पालथं ठेवलं. स्टुडिओत दिवे गेले होते, म्हणून संगणकावर उतरवून घेणं तिने सकाळवर ढकललं.

आणि सकाळी मामा झाडायला आले. पाकीट उघडं होतं. सगळी कार्डं नीट उताणी आणि एकच तेवढं पालथं! ज्या माणसाने जन्मभर पत्रांची तिकिटं एका बाजूला लावली, त्याला हे कसं बघवणार? त्यांनी मला प्रेमाने सरळ केलं. मी ओरडणार तरी कसा, मला तोंड कुठे आहे?

थोड्या वेळाने ताई आली. चपलांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी एका बुटाचे फोटो काढायचे होते, मग कालचं काम. तिने नेमकं मला उचललं, कॅमेऱ्यात घातलं आणि सवयीने फॉरमॅट केलं. क्षणात मी कोरा झालो, निदान कॅमेऱ्याच्या लेखी. बूट पांढऱ्या कागदावर ठेवला, बोट बटणावर गेलं, आणि तिची नजर पाकिटावर पडली.

"मामा, कालचं पालथं कार्ड कुठे आहे?"

"पालथं? ते होय, बिचारं उलटं पडलं होतं. मी सरळ केलं," मामा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

ताईला काय झालंय ते उमगलं. तिने बोट अलगद बाजूला घेतलं, कॅमेरा बंद केला, मला बाहेर काढलं आणि माझी खिट्टी सरकवून मला कुलूप लावलं, म्हणजे माझ्यावर नवं काही लिहिलंच जाऊ नये. काय घडलं ते कळल्यावर मामा स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "माझ्या हाताला काय आग लागली होती," एवढंच पुटपुटले.

मित्रांनो, फॉरमॅट म्हणजे बहुतेक वेळा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. धडे आत तसेच असतात, फक्त त्यांवर नवं काही लिहायचं नाही. त्या बुटाचा एक फोटो निघाला असता, तर काकांचं कोणतं वाक्य त्याच्या टाचेखाली गेलं असतं, देव जाणे.

ताईने मला संगणकाला जोडून हरवलेलं शोधणारा प्रोग्रॅम सुरू केला. मामा पडद्यासमोरून हलेनात, चहा निवून गेला. मुलगीही येऊन बसली. ताईने तिच्यापासून काही लपवलं नाही. बऱ्याच वेळाने पहिली चित्रफीत उघडली, ती दुकानदाराची जांभई. एरवी कोणी हसलं असतं. मग पाहुणे आले, जेवणाच्या पंगती आल्या, आणि अखेर नव्या कोटातले शिंपीकाका आले. मामांनी डोळे पुसले. माझ्याही जिवात जीव आला.

मुलगी पुढे सरकली. या वेळी तिने डोळे मिटू दिले नाहीत. ताई आणि मामांसाठी ती हळूहळू मोठ्याने सांगत गेली.

"तू तान्ही होतीस. रात्री रडायचीस, पण मला ऐकू यायचं नाही. तुझी आई आजारी. मग मी तुझ्या पायाला दोरा बांधायचो आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. तू पाय झाडलेस की मी उठायचो. आता तू एवढ्या लांब चाललीस, तेवढा दोरा माझ्या दुकानात नाही. म्हणून रडू आलं की फोन कर, चित्र दिसणारा. आणि दिव्यासमोर बस, मला तुझे हात दिसले पाहिजेत."

 मग मुलीने फोन काढला, खिडकीशी उजेडात जाऊन बसली आणि वडिलांना लावला. काय बोलली ते तुम्हाला सांगता येणार नाही, कारण ती हातांनी बोलत होती आणि खुणा मला कळत नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. पुढे माझ्याहून वेगवान कार्डं आली आणि मी खणात गेलो, त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. आम्हाला निवडताना पारखून घ्या, कामाचं त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवा, हे तर आहेच. पण ठेवलेलं काढून बघतही जा. शिंपीकाकांच्या बोटाचं एकेक पेर माझ्याजवळ होतं, आणि ते काय म्हणाले यातलं मला अक्षरही कळलं नव्हतं. ते कळायला त्यांची मुलगीच समोर येऊन बसावी लागली.