शेवटचा गडी

ज्याने कुणी हा युद्धाचा खेळ काढला, त्याने जन्मात खरी लढाई पाहिली नसावी, असं पुतण्याचं ठाम मत होतं. तसा खेळ झकास. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भलंमोठं टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि कुणाला गोळी लागली ते ठरवायचं. घोडं पेंड खायचं ते एका नियमापाशी. रांगेवर समोरून गोळी आली, तरी उचलायचा तो रांगेतला शेवटचा गडी. पुढचा आपला ढिम्म उभा.

दर रविवारी दुपारी यावरून हशा पिकायचा. "गोळी काय वळसा घालून जाते का रे?" असं कुणीतरी म्हणायचं, आणि कोपऱ्यात भिंगाखाली शिपाई रंगवत बसलेल्या काकांचा ब्रश तेवढा थांबायचा.

काका म्हणजे खालच्या दुकानाचे मालक. खरं तर मालकाचे धाकटे भाऊ. दोघे भाऊ तरुणपणी एकाच तुकडीतून लढाईवर गेले होते. टेकडी चढताना काका सगळ्यांत पुढे होते, थोरला रांगेच्या शेवटी. गोळी समोरून आली आणि थोरला गेला. परतलेल्या काकांनी त्याचं दुकान चालवलं, त्याच्या मुलाला वाढवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं. वहिनी त्यांना कधी उणं बोलली नाही, पण 'मी पुढे होतो' हे त्यांचं सांगणं तिने मानलंही नाही. पुढचा वाचतो आणि शेवटचा जातो, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आईचं हे म्हणणं पुतण्याच्या कानावर आहे, हे काकांना ठाऊक होतं. साऱ्या जगाने खोटं ठरवलं असतं तरी चाललं असतं; या पोराने ठरवू नये, एवढीच त्यांची आस होती.

लढाईवरून परतल्यापासून काका कुणाच्या पुढे म्हणून चालत नसत. जिना असो की बोळ, बाजूला होऊन "तू हो पुढे" म्हणायचे. लोकांना तो सभ्यपणा वाटायचा. कसला सभ्यपणा! पाठीमागची पावलं एकाएकी थांबतील, या धास्तीने त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

त्या रविवारी खेळगडी पांगल्यावर पुतण्याने नियमांची पुस्तिका उघडली आणि पेन्सिल घेतली.

"हा नियम उडवतोय, काका. सगळे कबूल आहेत. यापुढे समोरचा पडणार."

"राहू दे," काका म्हणाले.

"का? अगदीच खोटा आहे तो."

"घडतं तसं."

पुतण्याने पेन्सिल खाली ठेवली. थोडा वेळ तो पट्टीशी चाळा करत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आई म्हणते, तुम्ही पुढे नव्हतातच."

"मीच होतो पुढे. कानाला वारा लागला, एवढंच कळलं. वळून पाहिलं तर दादा नव्हता, तुझा बाप. असं का झालं ते विचारू नकोस. मलाच अजून उमगलेलं नाही."

पुतण्याने पुस्तिकेवर बोट ठेवलं. "इथे तळटीपेत कारण दिलंय, आत्ताच दिसलं. पडतो पुढचाच म्हणे. मागचा पुढे येऊन त्याची जागा घेतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की शेवटचा कमी झाला."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. थोरल्याचं दुकान, थोरल्याची खुर्ची, थोरल्याचा मुलगा. मध्यंतरी वहिनी सहज म्हणाली होती, "भाऊजी, खोकता अगदी ह्यांच्यासारखं." मग त्या टेकडीवर पडलो तो मीच की काय? आणि माझ्या जागी येऊन इतकी वर्षं जगतोय तो कोण? काकांनी भिंग काढून ठेवलं. हातातला शिपाई अर्धा रंगवलेलाच खाली ठेवला.

पुतण्याने ते पाहिलं. नियमावर रेघ न मारता त्याने पुस्तिका मिटली आणि शिपाई डब्यात भरले. जिन्याच्या तोंडाशी काका नेहमीसारखे बाजूला झाले.

"आज तुम्ही व्हा पुढे," पुतण्या म्हणाला. "मी आहे मागे."

काका कठड्याला धरून उतरू लागले. मागे बूट वाजत होते. जिना वळतो तिथे बूट वाजायचे थांबले. काका जागच्या जागी खिळले. वळून पाहिलं की काय दिसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आहे मी," मागून आवाज आला. "नाडी सुटली बुटाची."

आवाज हुबेहूब थोरल्याचा होता. पोर मोठं झालं की त्याला बापाचा आवाज फुटतो, हे काय काकांना कळत नव्हतं? तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"सावकाश ये, दादा," ते म्हणाले.

पुतण्याने नाडीची गाठ आवळली. मग म्हणाला, "आलो."