पुढचा नंबर

साइट पडायची ती कधी सोमवारी, कधी लागोपाठ दोन दिवस, कधी आठवडाभर नाहीच. वेळ मात्र ठरलेली, सकाळी सातच्या आगेमागे. 'सेवा सध्या उपलब्ध नाही' एवढीच पाटी, आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरू. अस्मितानं दोन महिने डोकं आपटून घेतलं. शिवाजी पेठेतल्या डायलिसिस केंद्राची ही साइट तिनं एकटीनं बनवलेली. मशीन मोजकी, पेशंट शंभरावर. प्रत्येकाचा वार आणि मशीन सहसा ठरलेलं, पण ऐनवेळी नंबर मागंपुढं व्हायचे, आणि लोक घरातनं निघायच्या आधी मोबाइलवर बघायचे.

गेल्या मंगळवारी शाहूवाडीच्या आक्कांना साइट उघडली नाही. नंबर पुढं गेला असेल म्हणून त्या घरीच बसल्या. दुसऱ्या दिवशी धापा टाकतच त्यांना आणलं, छातीत पाणी झालेलं. वाचल्या, पण कशा ते डॉक्टरांनाच ठाऊक.

केंद्र सांभाळणारे बाळासो तोंडाचे फटकळ. "पोरी, माणसं मरायची येळ आली. शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक, न्हायतर साइट बंद आन् आपली वही चालू."

आता खोट कुठं होती सांगू? साइट पडली रे पडली की अस्मिता लगेच सर्व्हर बंद करून चालू करायची. साइट उठायची, लोक खूश. पण सर्व्हर आपल्या नोंदीत एखादं काम लिहितो ते पुरं झाल्यावर. अडकलेलं काम हीच बया अर्ध्यात मारून टाकायची, मग नोंद कशाची डोंबलाची होणार? दोन महिने आपल्याच हातानं माग पुसत बसली होती की!

शुक्रवारी सात वाजून चार मिनिटांनी साइट पडली. या वेळी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. फोन खणखणायला लागले. बाळासो कागदावर बघून एकेकाला नंबर सांगत होते आणि मधेच तिच्याकडं डोळे वटारत होते. सहा मिनिटांनी साइट आपोआप उठली आणि नोंदीत ओळी उमटल्या. आठ. आठही एकाच मोबाइलवरनं, एकाच पेशंटच्या पानासाठी. सर्व्हर एका वेळी आठच कामं घ्यायचा. आठही अडकली की बाकीच्यांना दार बंद.

पेशंट बसव्वा, राहणार कागल. अडीच महिन्यांपूर्वी वारलेल्या. मोबाइल त्यांच्या नवऱ्याचा, रुद्रय्यांचा.

अस्मितानं आपला प्रोग्रॅम उघडला. पुढचा नंबर शोधायचा म्हणजे आजपासून एकेक तारीख बघत जायचं, सापडेपर्यंत. तिनंच तसं लिहिलं होतं. डायलिसिसवाल्याला पुढचा नंबर असतोच, हे ती धरूनच चालली होती. नंबर नसलेला पेशंट तिच्या मनातच आला नव्हता. याआधीही पेशंट गेले होते, पण त्यांचं पान पुन्हा कुणी उघडलं नव्हतं. बसव्वांसाठी सर्व्हर पुढच्या वर्षात, त्याच्याही पुढच्या वर्षात शोधत राहायचा, मुदत संपून काम तुटेपर्यंत.

"त्या म्हाताऱ्याला फोन करून चांगलं झाड," बाळासो म्हणाले.

"चूक त्यांची नाही, माझी आहे," म्हणत तिनं दुरुस्तीला हात घातला. नंबर नसेल तर तसं सांगून मोकळं व्हायचं. दुपारपर्यंत झालं.

शनिवार सुरळीत गेला, रविवारही. सोमवारी सातला, साइट ठणठणीत चालू असताना, फोन वाजला.

"बाई, रुद्रय्या बोलतोय, कागलचा. तुमची साइट बिघडली काय?"

"नाही मामा, चालू आहे की."

"आवो, ते फिरायचं थांबलंय." म्हातारा घोटाळला. "हिला वाचता यायचं न्हाय. सकाळी च्या पिताना मीच नंबर बघून सांगायचो. आता रोज न्हाय बगत. लई आठवण आली की दाबतो, मग दाबतच बसतो. ते आपलं गोल फिरत ऱ्हायाचं. वाटायचं, कोणतरी शोधायलंय तिला. आज दाबल्या दाबल्या म्हणालं, पुढचा नंबर नाही."

आठवणीला कुठला आलाय वार! आणि अस्मिता बसली होती तिचं वेळापत्रक शोधत.

"बरोबर आहे ते, मामा," ती कशीबशी म्हणाली. "मीच तसं केलंय."

पलीकडं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बरोबर हाय तर बरोबर हाय. तिचं खिडकीजवळचं मशीन, मंगळवारचं, आता कुणाला हाय?"

तिनं पाहिलं. "शाहूवाडीच्या एक आक्का आहेत." त्या कुणामुळं मरणाच्या दारात गेल्या होत्या, ते जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"त्यास्नी सांगा, धा वाजता तिथं तोंडावर ऊन येतंय. सुया लावलेला हात हलवता येत न्हाय, पडदा कसा ओढणार? मी ओढायचो."

मंगळवारी दहाला अस्मिता वरच्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत गेली. आक्का उन्हाकडनं मान वळवून, डोळे मिटून पडल्या होत्या. तिनं पडदा ओढला, आणि मग तिला रडू आवरेना.