बीपीला आलेला मोहोर

"थंडी पडली की पप्पांना परत घेऊन ये हां. उन्हाळ्यातला डोस हिवाळ्यात पुरेलच असं नाही," दवाखान्यातल्या मेरी सिस्टर मे महिन्यात म्हणाल्या होत्या. कडेवरचं बाळ सावरत शॅनन हसली होती, "बीपीला कसला ऋतू, सिस्टर? आंबा आहे का तो?"

तेव्हा तिच्या सासऱ्यांचं, फर्डिनंडपप्पांचं, बीपी इतकं उतरलं होतं की वाडीत केळींना पाणी सोडताना त्यांना घेरी यायची. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. पप्पांनी श्रेय दिलं ईस्टरआधीच्या उपवासकाळाला. "चाळीस दिवस मटणाला शिवलो नाय, त्याचं फळ!"

गरोदरपणात शॅननचंच बीपी वाढलं होतं, तेव्हापासून मशीन घरात होतं. दर रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपली की पप्पा हात पुढे करत आणि ती चर्चच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत वरचा आकडा टिपून ठेवी.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आकडा आला एकशे बासष्ट.

"डोकं जरा जड आहे, एवढंच," म्हणत पप्पा शिडी आणायला निघालेसुद्धा. छपरावर नाताळचा तारा दरवर्षी तेच लावत.

नाताळचं मटण तर अजून शिजायचंच होतं! शॅननने फळीवरचे डबे भराभर उतरवले. त्यांच्याखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर अंथरलेलं होतं; ते तिने यंदाच्या शेजारी धरलं. ईस्टरनंतर पप्पांनी मनसोक्त खाल्लं, तरी मे-जूनपर्यंत आकडे खालीच. नोव्हेंबरपासून मात्र वर. दोन्ही वर्षी तेच. उपवासाचा यात संबंधच नव्हता, गार वारा सुटला की आकडा चढत होता. फरक इतकाच, की गेल्या थंडीत गोळी पूर्ण होती.

पप्पांनी शिडीवर पाय ठेवायच्या आत तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

"आधी दवाखाना, मग तारा."

"नातवाला पुढे करतेस होय गं? लबाड!"

डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा पूर्ण केली. मेरी सिस्टर दारातच म्हणाल्या, "काय शॅनन, आला का आंब्याला मोहोर?" ती लाजली, पण हसू काही आवरेना.

तारा तिच्या नवऱ्याने, जॉयलने लावला. बाळाला घेऊन पप्पा खालून ओरडत होते, "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!" नाताळच्या आदल्या रविवारी चौकटीत एकशे चौतीस लिहिताना शॅननने पेन जरा जास्तच जोरात दाबलं.

तुमच्याकडेही उन्हाळ्यात कुणाची गोळी कमी झाली असेल आणि आता थंडी पडली असेल, तर शॅननसारखं ते हसण्यावारी नेऊ नका. आज जाऊन त्यांचं बीपी एकदा बघा.